पॅनकार्डापासून पाकिटापर्यंत: घरच्या चटणीच्या नोंदणीचे नऊ महिने

"वहिनी, चटणी चांगलीच आहे. पण पाकिटावर नंबर नाही. नंबर असेल तर दोन डझन पाकिटं आत्ता ठेवतो."

5 जानेवारी 2024 ला आमच्या भागातल्या किराणा दुकानदार काकांनी मला हे सांगितलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आम्ही सांगलीचे. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. मी आणि माझ्या जाऊबाई 2019 पासून उन्हाळ्यात ओळखीच्या लोकांना तो करून देत होतो. पहिल्या वर्षी 20 किलो झाला, चौथ्या वर्षी 300 किलोच्या वर गेला. सगळं तोंडी चालायचं. वहीत नावं, पिशवीला रबरबँड आणि पैसे नवऱ्याच्या फोनवर.

काकांना हवा होता तो नंबर म्हणजे एफएसएसएआयचा, अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा 14 आकडी क्रमांक. मला वाटलं आठवड्याचं काम असेल. सगळं मार्गी लागायला ऑक्टोबर उजाडला. त्यातला निम्मा वेळ वाचला असता, पण कुठला कागद आधी आणि कुठला नंतर हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. फी आणि मर्यादा 2024 मधल्या आहेत. तुम्ही अर्ज कराल तेव्हा संकेतस्थळावर एकदा ताडून बघा.

पहिली चूक मी दुसऱ्याच दिवशी केली. कुणीतरी सांगितलं होतं की "उद्यम काढून घ्या", म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. रात्री फोनवर शोधलं, सगळ्यात वरचं पान उघडलं. तिरंगा होता, अशोकस्तंभासारखं चित्र होतं. फॉर्म भरला, 1,499 रुपये भरले. दोन दिवसांनी फोन आला की तुमचं पॅन चालत नाही, दुरुस्तीचे आणखी पैसे भरा. तेव्हा लक्षात आलं की ते सरकारी संकेतस्थळ नव्हतंच. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. 1 जुलै 2020 पासून ती सुरू आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे की नाही, एवढं बघितलं असतं तर पैसे वाचले असते. ते पैसे परत आले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. 1,499 रुपये म्हणजे तीन किलो चटणी.

पण त्या फोनमुळे एक गोष्ट कळली ती खरी होती. माझं पॅन खरंच चालत नव्हतं.

मी पॅन काढलं 2005 मध्ये, कॉलेज संपल्यावर, पहिल्या नोकरीसाठी. त्यावर माहेरचं नाव. लग्न 2008 ला झालं. आधार काढलं 2012 मध्ये, त्यावर सासरचं नाव. नोकरी सोडल्यापासून पॅन कधी लागलंच नाही, म्हणून ते कपाटात तसंच पडून होतं. आधार आणि पॅन जोडायची मुदत 30 जून 2023 ला संपली आणि ज्यांची जोडणी झाली नव्हती ती पॅनं 1 जुलैपासून निष्क्रिय झाली. त्यात माझंही होतं. आणि जोडायला गेले तर दोन्हीकडची नावं वेगळी, म्हणून जोडणी होईना.

हे मी इतकं खोलात सांगते आहे, कारण नंतर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं घोडं इथेच अडलेलं मला दिसलं. पुरुषाचं नाव जन्मापासून तेच राहतं. आपलं बदलतं, आणि एका कागदावर बदलतं, दुसऱ्यावर राहून जातं. तेव्हा काहीही करण्याआधी आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा. माझ्या ओळखीत एकीचं फक्त मधल्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि तेवढ्यावर तिचा महिना गेला.

पॅनवरचं नाव बदलायला लग्नाचा पुरावा लागला. लग्नाच्या दाखल्याच्या जोडीला लग्नपत्रिकाही त्या यादीत होती. दाखला आम्ही कधी काढलाच नव्हता. पत्रिका माझ्याकडे नव्हती, सासरीही कुणाकडे नव्हती. आईला फोन केला. तिने ट्रंकेतून, माझ्या शालूच्या घडीतून ती काढली आणि भावाबरोबर पाठवून दिली. 12 जानेवारीला अर्ज केला, फी 107 रुपये. नवीन कार्ड 2 फेब्रुवारीला घरी आलं. दुसऱ्या दिवशी जोडणीचं विलंब शुल्क भरलं, 1,000 रुपये. इथे एक बारीक गोष्ट आहे. पैसे भरल्या भरल्या जोडणीची विनंती करू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. मी त्याच संध्याकाळी प्रयत्न केला, तर पैसे जमा दिसेचनात आणि पुन्हा 1,000 भरावे लागतात की काय म्हणून पोटात गोळा आला. 8 तारखेला केलं तेव्हा झालं. त्यानंतर पॅन पुन्हा चालू व्हायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. माझं 7 मार्चला चालू झालं.

या दोन महिन्यांत मी हातावर हात ठेवून बसले असते, पण महा ई-सेवा केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "अन्न नोंदणीला पॅन कुठं लागतंय? ते करून टाका की तोवर." त्यांचे उपकार आहेत. चटणीचा हंगाम मार्च ते मे. तो हातचा गेला असता.

2024 मध्ये वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर मोठा परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. ती फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर होते. फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. मी पहिल्यांदा एकाच वर्षाचे भरले. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता. घर सासऱ्यांच्या नावावर, लाइट बिलही त्यांच्याच नावावर. म्हणून त्यांच्याकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की घराच्या मागच्या खोलीत सुनेला मसाल्याचा व्यवसाय करायला माझी हरकत नाही. मामंजींनी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. म्हणाले, "आता मागची खोली तुझी."

12 फेब्रुवारीला अर्ज केला. अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, हे मी हात जोडून सांगते. एजंटाकडून करून घेतलं तर तो बऱ्याचदा स्वतःचा नंबर टाकतो. मग वर्षाने नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो मागेल ते पैसे द्यावे लागतात. आमच्या ओळखीतल्या एका लाडूवाल्या काकूंना 100 रुपयांच्या नूतनीकरणासाठी 1,200 मोजावे लागले.

नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा पाहणीची नोटीस काढायची असते. माझा अर्ज 15 तारखेला परत आला. 'रिव्हर्टेड' हा शब्द बघून मला वाटलं नाकारला. तसं नसतं. काहीतरी विचारलेलं असतं, त्याचं उत्तर देऊन तोच अर्ज पुन्हा पाठवायचा असतो. मात्र तो तसाच ठेवला तर मुदत संपून बाद होतो. मला दोन गोष्टी विचारल्या होत्या: कुटण्याचं काम कुठे होतं आणि पाणी कुठलं वापरता. आम्ही भाजणं, तळणं, निवडणं घरी करत होतो आणि कुटायला डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नेत होतो. डंकवाल्या दादांकडे त्यांची स्वतःची नोंदणी होती. त्यांचा क्रमांक घेतला, पाणी नगरपालिकेच्या काळापासूनच्या नळाचं आहे असं लिहिलं, 16 तारखेला परत पाठवलं. 23 फेब्रुवारीला प्रमाणपत्र ईमेलवर आलं.

पाहणीला कुणी आलं नाही, पण कधीही येऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. आपण लोकांच्या पोटात जाणारी वस्तू करतो. मी अन्न नोंदणीच्या नियमांच्या परिशिष्ट 4 मधल्या स्वच्छतेच्या अटी बसून वाचल्या आणि मागच्या खोलीत बदल केले. खिडकीला जाळी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, मसाल्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून थोडी लांब, डोक्याला रुमाल, कामाच्या वेळी हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत. घरच्या स्वयंपाकाची भांडी आणि धंद्याची भांडी वेगळी केली. सासूबाईंना हे सुरुवातीला पटलं नाही, कारण मोठी कढई त्यांच्या लग्नातली होती आणि ती आता घरात वापरायची नाही असं मी म्हणत होते. शेवटी त्यांच्यासाठी दुसरी कढई आणली.

उद्यम 11 मार्चला झालं. आधारवर ओटीपी, पॅनची पडताळणी, दहा मिनिटं. जीएसटी नसेल तरी चालतं. फक्त व्यवसायाचा कोड नीट निवडा. मसाले दळणं-कुटणं याचा 10795 आणि पापडाचा 10796. दोन्ही करणार असाल तर दोन्ही टाका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणीचं म्हणाल, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असल्याने आम्हाला नोंदणी लागत नव्हती, फक्त 'आपले सरकार'वर ऑनलाइन सूचना द्यायची होती. तिची पावती मिळते. ती जपून ठेवा, बँकेत लागते.

बँकेत मी 20 मार्चला गेले. ही वेळ चुकीची होती. मार्चअखेर कुठल्याही बँकेत नवीन कामाला माणूस मिळत नाही आणि 1 एप्रिलला ग्राहकांसाठी कामकाज बंद असतं. एकल मालकीच्या व्यवसायाचं चालू खातं उघडायला व्यवसायाचे दोन पुरावे मागतात. माझ्याकडे उद्यमचं प्रमाणपत्र आणि गुमास्त्याची पावती होती. अन्न नोंदणीही जोडली. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "मिस्टर कधी येतील सहीला?" मी सांगितलं की व्यवसाय माझा आहे, सही माझीच लागेल. ते म्हणाले, "नाही, असू दे, जनरली येतात म्हणून." त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पण पाच वर्षं चटणी मी भाजली, ठसका मला लागला, आणि तो प्रश्न ऐकून मला आतून हलल्यासारखं झालं. प्रोप्रायटर असा शिक्का 150 रुपयांत करून घेतला. त्यावर स्वतःचं नाव उलटं कोरलेलं बघून बराच वेळ तो हातातच धरून बसले होते. खातं 5 एप्रिलला उघडलं.

9 एप्रिलला पाडवा होता. त्या दिवशी भिंतीवरचा नवऱ्याच्या खात्याचा क्यूआर काढून माझ्या खात्याचा लावला. नवऱ्याने काही अडवलं नाही, उलट तोच खिळा ठोकायला आला. पण पाच वर्षांची विक्री त्याच्या खात्यात जमा झालेली होती आणि त्याचं नुकसान मला पुढे ऑगस्टमध्ये कळलं. ते सांगतेच.

आता लेबल. हे सगळ्यात सोपं वाटलं होतं आणि इथेच 2,200 रुपये वाया गेले. मार्चमध्ये छापखान्यात गेले, त्यांच्याकडच्या एका नमुन्यावर नाव बदललं आणि 1,000 लेबलं छापून आणली. छान दिसत होती. मग रात्री बसून नियम वाचले आणि एकेक उणीव दिसत गेली. घटक पदार्थांची यादी हवी, तीही वजनाच्या उतरत्या क्रमाने, म्हणजे आमच्यात मिरची पहिली आणि हिंग जवळजवळ शेवटी. शाकाहारी असल्याचं चिन्ह, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. अन्न नोंदणीचं चिन्ह आणि 14 आकडी क्रमांक. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. सर्व करांसह कमाल किंमत. आणि एक अशी गोष्ट जी छापखानेवाल्यांनाही माहीत नव्हती: प्रति ग्रॅम किंमतही छापावी लागते. माझं अर्ध्या किलोचं पाकीट 320 रुपयांचं, म्हणून 'प्रति ग्रॅम 0.64 रुपये'.

आणि हिंग. आपण वापरतो तो बांधानी हिंग असतो आणि त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मी इतकी वर्षं कधी वाचलंच नव्हतं. गव्हातल्या ग्लुटेनची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी लेबलवर 'यात गहू आहे' असं सांगणं बंधनकारक आहे. हे वाचल्यावर मी बराच वेळ शांत बसले. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मुलीला गहू चालत नाही, आणि तिच्या घरी माझी चटणी दोन वर्षं जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलगी तिखट खातच नाही. पण तो फोन करेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता मी तांदळाच्या पिठाचा हिंग मागवते आणि प्रत्येक नव्या डबीची यादी वाचते. दुसऱ्यांदा लेबलं छापली ती 2,600 रुपयांत. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून घरातल्या चौघांकडून वाचून घेतली.

लेबलवर आपला पत्ता आणि फोन जातो, हे बायकांनी विशेष लक्षात घ्यावं. पहिल्या महिन्यात मला रात्री अकरानंतर नको ते फोन आले, दोनदा व्हिडिओ कॉल. तेव्हापासून धंद्याचं सिम वेगळं आहे. ते साध्या फोनमध्ये आहे आणि संध्याकाळी सात वाजता तो फोन बंद होतो. घरी येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला वेळ ठरवून बोलावते, शक्यतो जाऊबाई असतील तेव्हा. आधीच वेगळा नंबर घेतला असता तर लेबलवर तोच छापता आला असता. दुसऱ्यांदा छापलेल्यांपैकी उरलेल्या लेबलांवर आम्ही नव्या नंबराची पट्टी हाताने चिकटवत बसलो.

वजनकाट्याचंही असंच. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला 1,800 रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा होता. तो व्यापारासाठी चालत नाही. व्यापाराचा काटा मान्यताप्राप्त मॉडेलचा असावा लागतो, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी होते. शिक्क्यासह नवा काटा 4,200 रुपयांना पडला. आधीच्या काट्यावरचं अर्धा किलो नव्यावर ठेवलं तर 492 ग्रॅम भरलं. म्हणजे नकळत आम्ही लोकांना कमी देत होतो. पाकिटात भरून विकणाऱ्याने त्याच विभागाकडे पॅकर म्हणूनही नोंदणी करायची असते. भरायला लागल्यापासून 90 दिवसांत, फी 500 रुपये. ती मी मेअखेर केली.

एप्रिल आणि मे मला फारसे आठवत नाहीत. पहाटे चारला भाजायला सुरुवात, दुपारी मुलांची जेवणं, चारला डंक, रात्री भरणं. डोळ्यांतून पाणी आणि सगळ्या घराला मिरचीचा ठसका. पण त्या वर्षी मी पहिल्यांदा हिशेब मांडला आणि तो मांडण्याची पद्धत इथे देते, कारण आपण बायका स्वतःचे कष्ट त्यात धरत नाही.

आधी 500 रुपये किलोने देत होतो. दहा किलोच्या घाण्याला ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, धणे, तीळ, खसखस, गरम मसाला, कांदा-लसूण, तेल मिळून 3,900. डंकाचे 300. गॅस 150. पिशव्या आणि लेबलं 220. झाले 4,570. म्हणजे दहा किलोमागे 430 रुपये सुटत होते, आणि त्यात आम्हा दोघींचे दोन दिवस जात होते. बाहेर मिरचीची देठं खुडायला गेलो असतो तरी यापेक्षा जास्त मिळाले असते. जाऊबाई आकडा बघून म्हणाल्या, "म्हणजे आपण लोकांच्यात फुकट राबलो की गं." नवा भाव 640 लावला. जुनी सात-आठ घरं सुटली, त्यातली दोन नात्यातली. वाईट वाटलं. पण काकांच्या दुकानातली पाकिटं त्याच भावाने संपली.

जीएसटीबद्दल एवढंच सांगते. वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. मग बेळगावहून पाच किलोची मागणी आली. सांगलीहून बेळगाव पुण्यापेक्षा जवळ, पण ते कर्नाटकात. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकायची तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागते, आणि मसाला करपात्र आहे. मी पार्सल बांधून ठेवलं होतं, ते सोडलं. पापडाला जीएसटी नाही, त्यामुळे त्याला ही अट येत नाही. कुरिअरने विकणाऱ्या बायकांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

हंगाम संपल्यावर कर्जाकडे वळले. डंकावरच्या रांगेत तास तास जायचे. स्वतःचा पल्वरायझर (मसाला दळायचं मशीन), मिरची भाजायचा ड्रम आणि पाकीट बंद करायचं मशीन घेतलं तर वर्षभर काम करता येईल असं वाटत होतं. तिन्हींची कोटेशन्स मिळून 2,80,000 झाले. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत 2024 मध्ये खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळत होतं, कमाल 10 लाख. आपले किमान 10 टक्के घालावे लागत. माझे 28,000, बाकी 2,52,000 कर्ज, आणि अनुदान 98,000.

10 जूनला पोर्टलवर अर्ज केला. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्या प्रकल्प अहवाल तयार करून देतात. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, आपण पैसे द्यायचे नसतात. आम्हाला मिळालेले सर फार चांगले होते. दोनदा घरी येऊन खोली मोजून गेले. 18 जुलैला जिल्हा समितीने प्रकरण बँकेकडे पाठवलं.

ऑगस्टमध्ये पहिल्या बँकेने तोंडी नाही म्हटलं. आधी तारण मागितलं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा निर्देश होता, हे सरांनी दाखवल्यावर दुसरं कारण आलं: तुमच्या नावावर काही व्यवहारच दिसत नाहीत. पाच वर्षं विकलेली चटणी कुठल्याच कागदावर माझी नव्हती. ती नवऱ्याच्या खात्यातली अनोळखी जमा होती. मी कधी कर्ज घेतलं नव्हतं, त्यामुळे सिबिलमध्येही माझा स्कोअर निघाला नाही. त्या दिवशी बसस्टॉपवर बसून मी रडले. घरी कुणाला सांगितलं नाही.

सरांनी प्रकरण माझं चालू खातं असलेल्या बँकेकडे वळवलं. तिथे एप्रिलपासूनचे चार महिने होते. पाडव्याला लावलेल्या त्या क्यूआरवरचे 320, 640, 320, 1,280, असे शेकडो छोटे आकडे, सगळे माझ्या नावावर. शाखेतल्या मॅडमनी ते उतारे शांतपणे बघितले, घरी येऊन खोली पाहिली, सासूबाईंच्या हातचा चहा घेतला. 13 सप्टेंबरला मंजुरी, 27 तारखेला पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात.

अनुदानाचे 98,000 हातात येत नाहीत, हे माहीत असू द्या. ते बँकेत वेगळे ठेवले जातात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं कर्ज नियमित राहिलं, व्यवसाय चालू राहिला, तर ते कर्जात वळते होतात. अनुदान मिळणार म्हणून दुसरा खर्च काढून बसू नका.

12 ऑक्टोबरला, दसऱ्याला, मशीन सुरू झालं. मामंजींनी नारळ फोडला. सगळा कागदोपत्री खर्च वहीत मांडला होता: पॅन 107, जोडणी 1,000, अन्न नोंदणी 100, पॅकर 500, शिक्का 150, काटा 4,200, लेबलं 2,600. एकूण 8,657. त्यावर चुकांचे 1,499 आणि 2,200. अन्न नोंदणीचं नूतनीकरण तेव्हा मुदत संपायच्या 180 दिवस आधीपासून करता येत होतं, ते मी डिसेंबरमध्येच उरकून घेतलं.

जाऊबाईंना आता पापडांचं स्वतःच्या नावाने सुरू करायचं आहे. परवा त्यांचे कागद काढून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. पॅनवर माहेरचं नाव आहे. त्यांच्या आईला फोन लावलाय, लग्नपत्रिका सापडते का बघायला.